पंधरा लाख तीन वर्षांचे, ऊन कायमचं

मंडळी, उजनीच्या पाण्यासाठी आपण भांडतो आणि उन्हाच्या नावानं बोटं मोडतो. आता त्याच उन्हाला भाडं येऊ लागलंय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सौर वीज प्रकल्पाला जमीन दिली, तर वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये मिळतात, वर दरसाल ३ टक्के वाढ. हे झालं जमीनवाल्याचं. गावाचा वाटा निराळा. जिथं प्रकल्प उभा राहतो, त्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षांत १५ लाखांचं अनुदान. मी बोलणार आहे ते या पंधरा लाखांवर.

पॅनेल रानात पंचवीस वर्षं राहणार आणि गावाचा पैसा तिसऱ्या वर्षी थांबणार. स्कॉटलंडमध्ये पवनचक्क्यांच्या बाबतीत सरकारची शिफारस अशी आहे, की कंपनीनं दर मेगावॉटमागे वर्षाला ५,००० पौंड आसपासच्या गावांना द्यावेत, महागाईनुसार वाढवत, आणि प्रकल्प चालू असेतोवर. सक्ती नाही, तरी अनेक कंपन्या देतात. कितीतरी ठिकाणी गावकऱ्यांचीच समिती अर्ज मागवते आणि कुणाला किती द्यायचं ते ठरवते.

आपल्याला तेवढं लांब बघायचीही गरज नाही. कोईमतूर जिल्ह्यातल्या ओडंतुरै ग्रामपंचायतीनं २००६ साली कर्ज काढून ३५० किलोवॉटची स्वतःची पवनचक्की घेतली आणि जास्तीची वीज विकली. अनुदानाची वाट बघत बसली नाही, कमाईचं साधनच विकत घेतलं. मला हे फार मोलाचं वाटतं.

आमच्या गावात एका उन्हाळ्यात नळयोजनेचं वीजबिल थकलं आणि पंपाची लाइन तोडली. नऊ दिवस. माझी चुलती तेव्हा साठीच्या पुढची. पहाटे चारला डोक्यावर चुंबळ ठेवून घागर घेऊन निघायची, कारण उशीर झाला की विहिरीचा तळ लागायचा. खरवडून काढलेलं ते पाणी ती धोतराच्या फडक्यानं गाळायची आणि फडक्यात राहिलेला चिखल मला दाखवायची. काही बोलायची नाही. समोरच्या माळावर दिवसभर ऊन तापत असायचं.

म्हणून माझं म्हणणं असं : पहिल्या वर्षीचे ५ लाख कमानीत आणि पेव्हर ब्लॉकमध्ये घालू नका. नळयोजनेच्या पंपाला आणि शाळेच्या छपराला पॅनेल बसवा. १ किलोवॉटला दिवसाला साधारण ४ युनिट वीज मिळते. तेवढं बिल खाली येतं. वाचलेला पैसा वेगळ्या खात्यात टाका. त्यातला काही भाग इन्व्हर्टर बदलायला राखून ठेवा, ते पॅनेलच्या बरेच आधी जातात. उरलेल्यातून दरसाल छोटी छोटी अनुदानं द्या : बचत गटाला शेवयांचं यंत्र, वाचनालयाला स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, तालमीला मॅट. रक्कम दहा-वीस हजारांची असू दे, पण अर्ज कुणालाही करता आला पाहिजे. कुणाला किती दिले ते पंचायतीच्या भिंतीवर ऑइल पेंटनं लिहा. कागद कपाटात जातो, भिंत रोज दिसते.

आणि हे सगळं आधी महिला ग्रामसभेत मांडा. पाणी कुणाच्या डोक्यावरून येतं हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पुढची ग्रामसभा १५ ऑगस्टला आहे. ठरावाचा मसुदा मी लिहून आणलाय, प्रती मागच्या टेबलावर ठेवल्यात. गावाचं नाव घालायची जागा मोकळी आहे.