करार आधी, अधिसूचना नंतर

अध्यक्षमहोदय, आयोजक आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘शेजारच्या दोन नगरपालिकांचं विलीनीकरण : करावं कसं?’ यातलं ‘करावं कसं’ मी शेवटी घेणार आहे. त्याआधी मला एक तक्रार मांडायची आहे. विलीनीकरणाचा विषय जगात कुठेही निघाला की सगळी शक्ती ‘करावं की करू नये’ यावर खर्च होते. एक बाजू म्हणते, खर्च वाचेल. दुसरी म्हणते, आमचं गाव पुसलं जाईल. सभा होतात, मोर्चे निघतात, हरकती-सूचना मागवल्या जातात आणि एके दिवशी अधिसूचना निघते. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडतं तेव्हा दोन ज्येष्ठता याद्या, दोन करदर, दोन कर्जांच्या वह्या आणि दोन मुख्य अभियंते एका टेबलावर आलेले असतात. यांचं काय करायचं हे कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की दोन्ही गावांनी आपसात बसून सगळं कलमवार लिहून काढावं, लोकांसमोर ठेवावं आणि मगच सरकारनं अधिसूचना काढावी.

हे न केल्यानं काय होतं, त्याचं माझ्या मते जगातलं सगळ्यात बोलकं उदाहरण जर्मनीत आहे. ते जरा सविस्तर सांगतो.

हेसे राज्यात लान नावाची नदी आहे. तिच्या काठावर गीसन आणि वेट्झलार ही दोन शहरं. अंतर फार नाही, रेल्वेनं सहज जाऊन येण्यासारखं. पण इतिहास बघा. गीसन हे विद्यापीठाचं गाव. विद्यापीठ १६०७ चं. लीबिगनं रसायनशास्त्राची प्रयोगशाळा चालवून साऱ्या युरोपातले विद्यार्थी जिथे गोळा केले, ते हेच गीसन. वेट्झलार हे जुन्या पवित्र रोमन साम्राज्यातलं स्वायत्त शहर. साम्राज्याचं सर्वोच्च न्यायालय शंभरहून अधिक वर्षं तिथे होतं. पुढे ज्या कॅमेऱ्यानं छायाचित्रणाचा चेहरा बदलला तो लायका तिथेच तयार झाला. १८१५ नंतर वेट्झलार प्रशियाकडे गेलं आणि गीसन हेसेच्या संस्थानात राहिलं. म्हणजे एका नदीवरची ही दोन गावं सव्वाशेहून अधिक वर्षं दोन वेगळ्या सरकारांखाली वाढली.

१९७० च्या दशकात पश्चिम जर्मनीत स्थानिक संस्थांची संख्या कमी करण्याची मोठी मोहीम चालली होती. नियोजनकारांनी नकाशा पुढे घेतला. दोन मध्यम शहरं, मधे गावं. एकत्र केली तर दीड लाखांवर लोकवस्तीचं एक मोठं शहर तयार होईल, त्याला निधी मिळेल, वजन मिळेल. नकाशावर हे अगदी बरोबर दिसतं, आणि मी त्या लोकांना मूर्ख म्हणणार नाही. १ जानेवारी १९७७ ला गीसन, वेट्झलार आणि आजूबाजूची १४ गावं मिळून एक शहर झालं. नाव काय दिलं? ‘लान’. नदीचं नाव! गीसन हे नावही गेलं, वेट्झलारही गेलं. कुणालाच झुकतं माप नको म्हणून कुणाचंच नसलेलं नाव निवडलं. न्याय्य वाटतं ना? पण त्या नावाच्या शहराचा माणूस जगात एकही नव्हता.

आता ही कडवट भावना कुठे जाऊन बसली ते बघा. गाड्यांच्या नंबरपाट्यांवर! जर्मनीत पाटीवरच्या पहिल्या अक्षरांवरून गाडी कुठली ते कळतं. गीसनची अक्षरं होती ‘जीआय’, वेट्झलारची ‘डब्ल्यूझेड’. नव्या शहराला मिळालं ‘एल’. गंमत अशी, की हे अक्षर मुळात लाइपझिगसाठी राखून ठेवलेलं होतं. लाइपझिग तेव्हा पूर्व जर्मनीत होतं, त्यामुळे अक्षर रिकामं पडलेलं. पुढे दोन जर्मनी एक झाल्यावर ते लाइपझिगला द्यावं लागलं. म्हणजे या शहराचं नाव नदीकडून घेतलेलं आणि अक्षर दुसऱ्या शहराकडून. करदर, कर्ज, अधिकार हे विषय सामान्य माणसाला दिसत नाहीत. पाटी मात्र रोज सकाळी दारासमोर दिसते.

विलीनीकरणानंतर तीन महिन्यांच्या आत, मार्च १९७७ मध्ये, स्थानिक निवडणुका झाल्या आणि ज्या पक्षानं हे घडवून आणलं होतं त्याला मतदारांनी चांगलाच दणका दिला. त्यानंतर राज्य सरकारलाही माघार घ्यावी लागली. ३१ जुलै १९७९ ला लान शहर विसर्जित झालं. ३१ महिन्यांचं आयुष्य! गीसन परत गीसन झालं, वेट्झलार परत वेट्झलार.

लोक गोष्ट इथे थांबवतात, टाळ्या वाजवतात. मला खरी चीड येते ती पुढच्या भागाची. दोन मोठी शहरं सुटली. मधल्या लहान गावांचं काय झालं? त्यातली काही स्वतंत्र झाली. पण आठ गावं वेट्झलारला जोडली गेली, ती आजही वेट्झलारचे भाग आहेत. १९७७ च्या आधी त्यांचा कारभार त्यांच्याकडे होता. भांडण दोन मोठ्यांचं, ते मिटलं. आणि लहानांचा कारभार जो गेला तो गेलाच. कुठल्याही विलीनीकरणाचा कागद हाती आला की मी पहिल्यांदा हेच शोधतो, यात लहान गावांचं कलम आहे का?

आता लगेच याच देशातलं दुसरं उदाहरण. फिलिंगन आणि श्वेनिंगन. एक बाडेनमधलं, दुसरं व्युर्टेंबर्गमधलं, म्हणजे पूर्वीच्या दोन वेगळ्या राज्यांतली. जुनं वैर तेवढंच. इतकं वेगळेपण, की फिलिंगनचं पावसाचं पाणी डॅन्यूबमधून काळ्या समुद्राला जातं आणि नेकार नदी उगम पावते ती श्वेनिंगनला, तिचं पाणी ऱ्हाइनमधून उत्तर समुद्राला. १९७२ मध्ये ती एक झाली. नाव ठेवलं फिलिंगन-श्वेनिंगन. रेल्वे स्टेशनं दोन, ती दोनच राहिली. टेलिफोनचे कोड दोन, तेही दोनच राहिले. शहर एकच आहे, पन्नास वर्षं उलटून गेली. कुरबुरी आहेत, पण शहर टिकलं. ज्या गोष्टी दोन राहिल्यानं कारभाराचं काही अडत नव्हतं, त्या दोन राहू दिल्या.

आपल्याकडेही जोडनावाची रीत आहे. १९९८ ची सांगली-मिरज-कुपवाड महापालिका, १९६२ ची हुबळी-धारवाड. पण नुसत्या जोडनावानं भागत नाही. धारवाडची तक्रार वर्षानुवर्षं होती, की निधी हुबळीकडे जास्त जातो. साठ वर्षांनंतर, २०२५ मध्ये, कर्नाटक मंत्रिमंडळानं धारवाडच्या वेगळ्या महापालिकेला मान्यता दिली. म्हणजे पाटीवर नाव राहिलं तरी वाटणीचं सूत्र लोकांना पटेल असं मांडलेलं हवं.

आता खर्च वाचतो का, याकडे येतो. हा मुद्दा बहुतेक भाषणांत पहिला असतो. डेन्मार्कनं २००७ मध्ये २७१ नगरपालिकांच्या ९८ केल्या. त्यावर झालेल्या काटेकोर अभ्यासांतून निघालं ते असं, की प्रशासनावरचा खर्च घटला, पण इतर काही कामांवरचा वाढला आणि एकूण बेरजेत ठोस बचत दिसली नाही. टोरांटोत १९९८ मध्ये सहा नगरपालिका आणि वरची महानगर संस्था एक झाली. आदल्या वर्षीच्या सार्वमतात सुमारे तीन-चतुर्थांश मतं विरोधात पडली होती, पण ती बंधनकारक नव्हती. मग कर्मचाऱ्यांचे पगार एका पातळीवर आणायचे ठरले. पातळी कुठली? अर्थात वरची. एकाच हुद्द्यावर शेजारी बसलेल्या दोन माणसांना वेगळा पगार किती दिवस देणार? आणि कमी पगार घ्या असं कोण कोणाला सांगणार? वाचायचे पैसे बरेचसे तिथेच गेले.

त्याहून वाईट प्रकार विलीनीकरणाच्या आधी घडतो. समजा, एका लहान नगरपालिकेचा नव्या शहरात दहावा हिस्सा असणार आहे. तिनं शेवटच्या वर्षी शंभर रुपयांचं कर्ज काढून सभागृह बांधलं, तर तिच्या नागरिकांच्या वाट्याला त्यातले साधारण दहा रुपये येतात. उरलेले नव्वद शेजारी फेडणार. जितका वाटा लहान, तितका मोह मोठा. स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड, जपान या सगळ्या ठिकाणी अभ्यासकांना हे सापडलंय. जपानमध्ये तर केंद्र सरकारनंच विलीन होणाऱ्या गावांसाठी खास कर्जरोखे आणले आणि परतफेडीतला ७० टक्के भार स्वतः उचलला. १९९९ मध्ये ३,२३२ असलेल्या नगरपालिका २०१० पर्यंत १,७२७ वर आल्या. आकडा कमी झाला. पण ज्या गोष्टी एरवी बांधल्या नसत्या त्याही बांधून झाल्या, आणि त्यांच्या देखभालीचा खर्च मागे राहिला.

एक गोष्ट मधेच सांगतो, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. १९०४ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोरला प्रचंड आग लागली. वॉशिंग्टनहून आणि इतर शहरांतून बंब धावत आले. होजपाइप उलगडले, आणि हायड्रंटला, म्हणजे आगीसाठी रस्त्यावर ठेवलेल्या नळाला, बसेनात! कपलिंगचे, म्हणजे पाइपच्या जोडाचे, आटे प्रत्येक शहराचे वेगळे. मदतीला आलेली माणसं पाणी समोर असून हातात पाइप धरून उभी. यावर इलाज काय होता? शहरं एक करणं? मुळीच नाही. कपलिंगचं माप एक करणं. विलीनीकरणाचा आग्रह धरणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, तुमची अडचण हद्दीची आहे की कपलिंगची? निम्म्याहून जास्त वेळा ती कपलिंगची असते आणि दोन नगरपालिकांच्या एका साध्या कराराने सुटते.

आणि जिथे खरोखर हद्दच अडते, तिथे हंगेरीची राजधानी बुडापेस्ट बघा. बुडा, ओबुडा आणि पेश्त १८७३ मध्ये एक झाले. पण नदीच्या दोन काठांवरच्या बुडा आणि पेश्तला जोडणारा साखळी पूल १८४९ मध्येच सुरू झाला होता. १८७० मध्ये राजधानीच्या आखणीसाठी सामाईक बांधकाम मंडळ नेमलं गेलं. अधिसूचनेआधी चोवीस वर्षं लोक पायी इकडून तिकडे जात होते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. मग मूळ विषय भरभर सांगतो.

करारात पहिलं म्हणजे एक सामाईक काम. पाणी, कचरा किंवा अग्निशमन यांपैकी एक निवडा आणि विलीन होण्याआधी काही वर्षं ते मिळून चालवा. एवढंही जमत नसेल तर पुढे जाऊच नका. दुसरं, नाव आणि मुख्यालय. नाव जोडून ठेवा. मुख्यालय एका गावात असेल तर सभागृह दुसऱ्यात, आणि दाखले व तक्रारींच्या खिडक्या दोन्हीकडे कायम. जपानमध्ये २००१ साली झालेल्या सैतामा शहरात मुख्यालयाची जागा हा प्रश्न दोन दशकं चालला. तो सुरुवातीलाच मिटवा.

तिसरं कर्ज. बोलणी सुरू झाल्याच्या तारखेला दोन्ही वह्या बंद. त्यानंतरचं प्रत्येक कर्ज दुसऱ्या नगरपालिकेच्या लेखी संमतीनं. जुनं कर्ज ज्याचं त्यानं आपल्या भागाच्या करातून फेडायचं, ठरलेल्या मुदतीत. चौथं, करदर. कमी कर असलेल्या भागाचा कर टप्प्याटप्प्यानं वाढवा आणि प्रत्येक टप्पा सोयीशी बांधा. नळ आधी, वाढीव पाणीपट्टी नंतर. पाचवं, कर्मचारी. दोन्ही ज्येष्ठता याद्या एकत्र करण्याचं सूत्र आधी जाहीर करा आणि पगार एका पातळीवर आणण्याचा खर्च बचतीच्या अंदाजातून आधीच वजा करून दाखवा. तो वजा न करता मांडलेला बचतीचा आकडा कुणीही मान्य करू नये.

शेवटचं कलम बाहेर पडण्याचं, आणि यावर लोक माझ्यावर रागावतात. म्हणतात, सुरुवातीलाच फुटण्याची भाषा कशाला? मॉन्ट्रिआल बघा. २००२ मध्ये बेटावरच्या सगळ्या २८ नगरपालिका सक्तीनं एक केल्या. विरोध इतका झाला, की २००४ मध्ये वेगळं व्हावं का यावर सार्वमत घ्यावं लागलं. अट अशी, की बहुमत तर हवंच, शिवाय वेगळं होण्याच्या बाजूनं पडलेली मतं एकूण नोंदणीकृत मतदारांच्या किमान ३५ टक्के हवीत. १५ नगरपालिका सुटल्या, २००६ पासून वेगळ्या झाल्या. पण पोलीस, पाणी, वाहतूक हे सगळं बेटाच्या सामाईक परिषदेकडे राहिलं आणि तिथे निर्विवाद बहुमत मॉन्ट्रिआलचं. पैसे द्यायचे, पण निर्णय दुसऱ्याच्या हातात. बाहेर पडण्याच्या अटी सुरुवातीला ठरल्या असत्या, तर या गावांना समोरासमोर बसून सौदा करता आला असता. म्हणून दहा वर्षांनी फेरविचाराचं मतदान, मालमत्ता आणि कर्ज वाटण्याचं सूत्र आणि सामाईक सेवांतल्या मतांचा वाटा, हे तिन्ही पहिल्याच करारात लिहा. ते मतदान दोन मोठ्या शहरांपुरतं ठेवू नका. मधल्या प्रत्येक लहान गावाची मतं वेगळी मोजा आणि त्याचा कौल त्याच्यापुरता बंधनकारक ठेवा.

प्रश्न असतील तर अध्यक्षांच्या परवानगीनं घेऊ.