मसाच्चोचं 'पवित्र त्रैक्य' बघायचं कुठून?

नमस्कार! आज एकच चित्र, पण नीट बघू. त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही ख्रिस्ती कल्पना.

(पडद्यावर: संपूर्ण भित्तिचित्र)

इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये चित्रकार मसाच्चोने साधारण १४२७ साली हे भिंतीवर रंगवलं. उंची साडेसहा मीटरहून जास्त. चित्राची छापील प्रत घ्या, छताच्या चौकोनी कप्प्यांच्या आत जाणाऱ्या कडांवर पट्टी ठेवा आणि रेषा खाली वाढवा. सगळ्या क्रूसाच्या पायथ्याशी, किंचित खाली एकत्र येतात. हा व्हॅनिशिंग पॉइंट. जमिनीपासून तो पावणेदोन मीटरच्या आसपास आहे, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर. म्हणूनच छत आपल्याला खालून दिसतं आणि सपाट भिंतीत खोली असल्याचा भास होतो. त्यासाठी ओल्या गिलाव्यात ओढलेल्या रेषा आजही दिसतात.

आता पिता परमेश्वराकडे बघा. तो इतका उंचावर, तरी चेहरा थेट समोरून रंगवलाय. छताला लावलेला नियम त्याला लावला असता तर हनुवटी खालून दिसली असती. मला ही चूक वाटत नाही. माणसाच्या नजरेच्या मोजमापात देव बसवायचा नाही, असंच मसाच्चोने ठरवलेलं दिसतं.

(क्लोजअप: पित्याची मान)

ही पांढरी कॉलर नाही बरं का! पंख पसरून खाली झेपावणारं कबुतर आहे, पवित्र आत्मा. पिता, कबुतर, क्रूसावरचा पुत्र, तिघं एकाच उभ्या रेषेत.

क्रूसाशेजारी येशूची आई मरिया आणि त्याचा शिष्य संत योहान उभे आहेत. मरिया रडत नाहीये. ती आपल्याकडे बघते आणि हाताने मुलाकडे खुणावते. निळ्या मरियेखाली लाल कपड्यातला दाता (चित्रासाठी पैसे देणारा), लाल योहानाखाली गडद कपड्यातली स्त्री. रंग असे तिरके फिरवलेत. दोघं आकाराने संतांएवढेच, पण खांबांच्या बाहेर गुडघे टेकून.

चित्राच्या तळाशी एक सांगाडा रंगवलाय. अनेक फोटोंत तो कापलेला असतो. यामागे इतिहास आहे. १५७० च्या सुमारास चित्रापुढे वेदी उभी राहिली आणि चित्र झाकलं गेलं. १८६० च्या आसपास वरचा भाग काढून दुसऱ्या भिंतीवर नेला, सांगाडा मागेच राहिला. १९५२ मध्ये दोन्ही पुन्हा जोडले गेले. सांगाड्याच्या वरच्या बाजूला लिहिलंय: तुम्ही आज जे आहात ते मी होतो, मी आज जो आहे ते तुम्हीही व्हाल. मृत्यूपासून क्रूसाकडे आणि तिथून पित्याकडे, असं हे चित्र खालून वर वाचायचं. त्यामुळे फोटो निवडताना आधी सांगाडा आहे ना, ते तपासा.