हाई मनी चाल शे

मंडळी, नमस्कार.

गेल्या कोजागिरीला मी अमळनेरजवळच्या आमच्या गावी होतो. भुलाबाईचा, म्हणजे खानदेशातल्या पोरींच्या गाण्यांच्या सणाचा, शेवटचा दिवस. पोरी घरोघर गाणी म्हणून, खाऊ ओळखून परतल्या होत्या. भाचीची नऊ वर्षांची मुलगी पेटीवर काहीतरी वाजवत बसली. भुलाबाईचीच चाल असेल म्हणून विचारलं, तर अहिराणीत म्हणाली, "आबा, हाई मनी चाल शे." ही माझी चाल आहे.

चढताना शुद्ध गंधार, म्हणजे नेहमीचा 'ग', उतरताना कोमल, म्हणजे थोडा खालचा. मी म्हटलं, बाळा, एकच काहीतरी ठेव. तिनं माझा हात बाजूला केला. "जाताना उजेड असतो ना, येताना अंधार." गंधार असेच लावणारा जोग राग तिनं कधी ऐकलेलाही नाही. मी दुरुस्त करायला निघालो होतो, याची मला अजून खंत वाटते.

मग पंखा बंद केला, खिडकीला गोधडी लावली आणि फोनवर रेकॉर्ड केलं. आधी तिच्याच तोंडून नाव, वय, गाव, तारीख.

आसोद्याच्या लेकीला, बहिणाबाईंना, लिहिता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी टिपलं तेवढं राहिलं. पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्याच्या पुढच्या वर्षी. बाकीचं जात्यापाशीच विरलं. वहीत शब्द उतरतात, गळा उतरत नाही. जात्यावर बसून त्या कशा गात असतील, हे आपल्याला आता कसं कळणार? पाच वर्षांच्या मोझार्टच्या पहिल्या रचनासुद्धा त्याच्या बापानं बहिणीच्या सरावाच्या वहीत उतरवल्या, म्हणून उरल्या. कुणीतरी मोठं माणूस शेजारी बसावं लागतं.

आपल्या गणेशोत्सवात मुलं कराओकेवर तयार गाणी गातात, छान गातात. पण यंदा अर्धा तास त्यांच्या स्वतःच्या चालींना द्या, असं माझं कळकळीचं मागणं आहे. त्यावर तबला, कीबोर्ड चढवू नका. चुकलेलं कापू नका. आणि मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला की तो दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बारा-चौदाव्या वर्षी आवाज बदलतो, मग तो गळा परत मिळत नाही.

त्या रात्री तीनदा रेकॉर्ड केलं. तिसरं स्वच्छ आलं, पण जीव पहिल्यात आहे. तेच आणलंय. मधे कुकरची शिट्टी होते, तिथे ती थांबते, हसते आणि पुन्हा उतरणीचा गंधार धरते. संपेपर्यंत टाळ्या नकोत. लावा.