नावाआधी गाव

(पडदा काळा. भाकरी थापल्याचा आवाज. मग चित्र.)

पहाटेचे साडेपाच. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाचं वसतिगृह. मावशी परातीत पहिली भाकरी थापतायत. शेजारी पीठ मळतोय तो कला शाखेच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे. विषय राज्यशास्त्र. आज मळायची पाळी त्याची.

मावशी त्याला हाक मारतात, ‘चंदगड, पाणी कमी घाल.’

चंदगड हे त्याच्या तालुक्याचं नाव. इथं मुलाला आधी गाव चिकटतं, नाव नंतर, आणि आडनाव कळेपर्यंत कधी कधी एक सत्र सरतं. या चित्रपटात आम्ही तीच रीत पाळली आहे.

(दहा सेकंद फक्त हात, पीठ, तवा.)

ज्वारीचं पीठ गरम पाण्यानं उकडून घ्यायचं, मग तळहाताच्या टाचेनं रगडत राहायचं. पीठ हाताला चिकटायचं थांबलं की मावशींकडे गोळा सरकवायचा. चंदगड भाताच्या मुलखातला. इथं येईपर्यंत त्यानं भाकरी फक्त खाल्ली होती. पहिल्या महिन्यात त्यानं मळलेल्या पिठाची भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच तुटायची. मावशी रागावल्या नाहीत, शेजारी उभं करून रोज दाखवत राहिल्या. आता सत्तर जणांचं पीठ तो एकटा मळतो.

सहा वाजता परात धुऊन तो खोलीकडे निघतो.

खोलीत तीन खाटा, दोन टेबलं, एक खिडकी. दुसऱ्या खाटेवर जत, सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा. तिसऱ्या खाटेवर कुरुंदवाड, कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमाजवळचा. जत सकाळी आईला फोन लावतो तेव्हा कन्नडमध्ये बोलतो, कारण त्याच्या घरची भाषा कन्नड आहे आणि गावातली शाळाही कन्नड माध्यमाची. तो मराठी शिकला तालुक्याच्या बाजारात, एसटीत आणि क्रिकेटच्या मैदानावर.

चंदगडचं आजोळ बेळगाव जिल्ह्यात. तिथं मामाच्या घरी मराठी आणि दुकानाच्या पाटीवर कन्नड. म्हणजे एकाची आई सीमेपलीकडची मराठी आणि दुसऱ्याचं घर सीमेअलीकडचं कन्नड. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्या रेषेची दोन टोकं आज एका खोलीत, चार फुटांच्या अंतरावर झोपतात.

सीमाप्रश्नाचा विषय निघाला की चंदगड एक हिशोब सांगतो. महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा लावला २००४ साली. त्याचा जन्म २००५ चा. ‘दावा माझ्यापेक्षा एक वर्षानं थोरला हाय,’ तो म्हणतो. जत त्याचं पुरं ऐकतो आणि मग पाण्यावर येतो. २०१२ साली त्याच्या भागातल्या गावांनी ठराव केले होते, पाणी मिळत नसेल तर कर्नाटकात जातो म्हणून. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी त्याच ठरावांचा आधार घेऊन जत तालुक्यातल्या चाळीस गावांवर दावा सांगितला आणि आठवडाभर सगळे कॅमेरे तिकडे धावले. जत तेव्हा बारावीत होता. ‘आमाला राज्य बदलायचं न्हवतं. पाणी मागत होतो. पण नुसतं पाणी मागितल्यावर कोण येतंय कॅमेरा घेऊन?’

आम्ही कॅमेरा घेऊनच उभे होतो. त्याचं हे वाक्य आम्ही कापलेलं नाही.

(ग्रंथालय. फडताळं, धूळ, सुतळी.)

साडेसात ते साडेदहा चंदगड ग्रंथालयात काम करतो. ‘कमवा आणि शिका’ योजनेत त्याचं नाव आहे. परत आलेली पुस्तकं क्रमांकानं लावणं, सैल झालेले पुठ्ठे वेगळे काढणं आणि बांधणीला मदत, हे त्याचं काम. बांधणी बघण्यासारखी असते. जुनी शिवण उसवायची, पानांच्या घड्या पुन्हा जुळवायच्या, दाभणानं भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा ओवायचा, खळ लावून वजनाखाली ठेवायचं. एक पुस्तक उभं राहायला दोन दिवस जातात. आमच्यासमोर त्यानं राज्यघटनेवरचं एक पाठ्यपुस्तक बांधलं. मूलभूत हक्कांची पानं सगळ्यात जास्त सुटलेली होती. परीक्षेला तीच येतात, असं कारण त्यानं दिलं.

काम करून शिकण्याची ही वाट या भागातल्या मातीतूनच निघाली. ती कळायला आपल्याला दसरा चौकात जावं लागेल.

(दसरा चौक. शाहू महाराजांचा पुतळा. कॅमेरा सावकाश फिरतो.)

हा चौक एकदा संथपणे फिरून बघा. मधे राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा. एका बाजूला मुस्लिम बोर्डिंग. जवळच जैन बोर्डिंग. लिंगायत मुलांची राहण्याची सोयही याच परिसरात. शंभर वर्षांहून जुना हा शेजार.

१९०१ च्या एप्रिलमध्ये महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. खेड्यातला पोरगा शिकायला शहरात आला तर राहणार कुठं आणि जेवणार कुठं, हा तेव्हाचा रोकडा प्रश्न होता. शाळेची फी माफ होऊ शकत होती, पण परक्या जातीच्या पोराला शहरातलं घर ओसरीच्या आत घेत नव्हतं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग झालं. १९०२ च्या २६ जुलैला संस्थानातल्या निम्म्या नोकऱ्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढं एकामागून एक जातींची वसतिगृहं निघाली, आणि कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले.

चंदगडला इथं एक शंका येते आणि ती त्यानं वर्गातही विचारली आहे. प्रत्येक जातीचं बोर्डिंग वेगळं, तर पोरं एकत्र कशी यायची?

त्याच्या शंकेला उत्तर दिलं कुंभोजच्या एका विद्यार्थ्यानं. ते भाऊराव पाटील. जन्म १८८७. शिकायला कोल्हापुरात आले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहिले. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला ते गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं, आंघोळ करून मगच जेवायला बस. त्यांनी आंघोळ केली नाही. बोर्डिंग सुटलं.

ते पोरगं ही गोष्ट विसरलं नाही. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं आणि तिथं सगळ्या जातीधर्मांची मुलं एका छपराखाली आली. पीठ एकत्र, चूल एकत्र, पंगत एकत्र. मुलंच दळायची, मुलंच रांधायची. कोठीत दाणा उरला नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या स्वतः जुन्या वळणात वाढलेल्या बाई. सोवळंओवळं बाजूला ठेवून त्यांनी त्या पोरांना जेवू घातलं, आणि या कामाचं मोल मला भाऊरावांच्या कामाइतकंच वाटतं. १९२७ साली गांधीजी तिथं आले, आणि त्यांच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. तिथं मुलं श्रम करून शिकली.

वेगळ्या बोर्डिंगांनी आधी पोरांना शहरात उभं केलं. एका पंगतीला बसवलं ते त्यातूनच निघालेल्या एका पोरानं. चंदगडची शंका आता मिटली आहे का? ‘निम्मी,’ तो म्हणतो.

(दुपार. वर्ग. मग नोटीस बोर्ड.)

दुपारी तास. भारतीय राजकीय विचार, स्थानिक स्वराज्य संस्था. वर्गाबाहेर मतदार नोंदणीचं जुनं पोस्टर अजून लटकतंय. मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं ते १९८९ साली. चंदगडनं पहिलं मत दिलं ७ मे २०२४ ला, लोकसभेला, एसटीनं गावी जाऊन. रांगेत पुढं आजी आणि मागं शाळेतले मास्तर. कुणाला दिलं ते त्यानं सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

तो म्हणतो, देशाचं सरकार निवडायला मी चालतो, पण कॉलेजच्या विद्यार्थी मंडळाचा सचिव मला निवडता येत नाही. महाराष्ट्रात महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं त्यांना पुन्हा जागा दिली. या तिघांच्या तीन वर्षांत त्यांच्या कॉलेजात मतपेटी आलेली नाही. राजकारण मात्र येतं. नेत्यांच्या वाढदिवसाच्या फलकांवरून येतं, मंडळाच्या वर्गणीतून येतं आणि सगळ्यात जास्त मोबाइलवर येतं.

७ जून २०२३. समाजमाध्यमावरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात बंदची हाक, दगडफेक, अश्रुधूर, इंटरनेट बंद.

त्यानंतर महिनाभरानं कुरुंदवाड या वसतिगृहात दाखल झाला. त्याच्या आईनं बॅग भरताना काय सांगितलं ते त्यानं एकदाच सांगितलं, कॅमेरा बंद असताना. ते तसंच राहू द्या.

(रात्र. खोली. तिघे.)

पहिल्याच वर्षी या खोलीतही भांडण झालं. चंदगडनं एक फॉरवर्ड पुढं पाठवला होता. कुरुंदवाडनं तो वाचला आणि तीन दिवस त्याच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी जतनं दिवा लावला, दोघांना उठवलं आणि म्हणाला, ‘भावा, त्यो मेसेज आता मोठ्यानं वाच. ह्याच्या तोंडावर वाच.’ चंदगडनं सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला थांबला.

तेव्हापासून खोलीचा नियम आहे. फॉरवर्ड पाठवायचा तर आधी खोलीत मोठ्यानं वाचून दाखवायचा. बाहेर कोण काय पाठवतं ते या तिघांच्या हातात नाही, पण या खोलीतून गेल्या दोन वर्षांत फारसं काही बाहेर गेलेलं नाही.

आम्ही चंदगडला सहिष्णुतेबद्दल विचारलं. शब्द त्याला आवडला नाही. परीक्षेत लिहितो, म्हणाला, पण त्यात सहन करणं आलं. मग कुरुंदवाडकडे बोट दाखवून हसला. ‘ह्याला सहन करायला ह्यो काय दुखणं हाय व्हय? ह्यो माझा पार्टनर हाय. घोरतोय तेवढं सहन करतोय.’

रमजान आमच्या चित्रीकरणाआधी होऊन गेला. त्या महिन्यात मावशी रात्री दोन भाकरी आणि पिठलं झाकून ठेवायच्या, आणि पहाटे गजर लावायचा तो जत. स्वतः उठून, कुरुंदवाडला उठवून, तो पुन्हा झोपायचा. रविवारी मेसमध्ये तांबडा-पांढरा असतो तेव्हा जतच्या ताटात आमटी. तो मटण खात नाही, वासाची तक्रारही करत नाही. फक्त वाढपाची पळी वेगळी असावी एवढं त्याचं म्हणणं, आणि ती वेगळी असते.

(कुरुंदवाड. संगमाचा घाट. मशिदीचं दार, आत मांडव.)

गणेशोत्सवात तिघे कुरुंदवाडला गेले. आम्ही त्यांच्यासोबत होतो. या चित्रांसाठी थोडं गप्प बसतो.

(वीस सेकंद निवेदन नाही. आरतीचा आवाज.)

ही मशीद आहे, आणि हा गणपती मशिदीत बसलाय. कुरुंदवाडमध्ये पाच मशिदींत गणपती बसतो. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की पंजे आणि मूर्ती शेजारी शेजारी असतात. कोल्हापुरातल्या तालमींनाही हे नवं नाही. पंजांपुढं हिंदू घरांतली माणसं नारळ फोडतात आणि बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे. २०१९ आणि २०२१ साली कुरुंदवाड गावाला महापुरानं वेढलं होतं. घराच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीची एक रेघ कुरुंदवाडनं दाखवली. पाणी तिथवर होतं.

मांडवात आरतीचं ताट फिरतंय. ते आधी जतच्या हातात, मग चंदगडच्या, मग कुरुंदवाडच्या काकांच्या. काका टोपी नीट करतात आणि ताट पुढं देतात. चंदगडचा चेहरा बघा.

(चेहरा. स्थिर.)

नदी ओलांडून नरसोबाच्या वाडीची बासुंदी खायला गेले आणि परतीची शेवटची एसटी चुकली. कुरुंदवाडच्या घरी माजघरात तिघांची अंथरुणं पडली. दिवा मालवल्यावर जत अचानक उठून बसला. उद्या पीठ मळायची पाळी त्याची होती.

त्यानं मेसला फोन लावला. पलीकडून मावशींचा झोपलेला आवाज.

‘मावशी, जत बोलतोय. सकाळी कागलला उठवा, नाहीतर आजऱ्याला.’