व्हेरिएंटला नाव ठेवताना

रिपोर्टच्या सेटिंग्ज जतन कशा कराव्यात, असा आजचा विषय. तुम्ही सगळे अकाउंट्समधलेच, म्हणून उधारीची यादी म्हणजे काय हे सांगत बसत नाही. आधी एक अनुभव सांगतो, तो सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

मी एका कारखान्यात सॅप या संगणक प्रणालीवर येणेबाकी बघायचो. दर सोमवारी एफबीएल५एन, म्हणजे ग्राहकांच्या बिलांचा रिपोर्ट, उघडायचं, ‘न्यू१’ नावाचं व्हेरिएंट, म्हणजे रिपोर्टसाठी जतन करून ठेवलेल्या निवडी, घ्यायचं, एफ८ दाबायचं. यादी तयार. ते व्हेरिएंट माझ्या आधीच्या गृहस्थांनी केलेलं, आणि ते तर निवृत्त होऊन गेलेले. यादी साहेबांच्या टेबलावर जायची, वसुलीच्या माणसांकडं जायची. कुणाची कधी तक्रार नाही.

एका सोमवारी वसुलीचा आमचा एक जण टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, “भाऊ, जयसिंगपूरच्या पार्टीचं नाव माझ्या यादीत कधीच कसं नसतं? माल तर दर महिन्याला जातोय.” मी खातं उघडलं. ११ बिलं उभी, सगळ्यात जुनं सात महिन्यांचं. मग व्हेरिएंट उघडून बघितलं. त्यात ग्राहक क्रमांक १००००० ते १४९९९९ एवढेच भरलेले. नंतर उघडलेली सगळी खाती १५०००० च्या पुढची, म्हणजे एकही नवा ग्राहक यादीत नाही! पार्टीला फोन केला तर मालक म्हणाले, “मागितले असते तर दिले असते की.”

मला आजही ते लागतं. यादीतली बेरीज चुकली असती तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी पकडली असती. पण जे यादीत आलंच नाही, ते कोण पकडणार? महिन्याला एकदा यादीची एकूण रक्कम ग्राहकांच्या नियंत्रण खात्याच्या, म्हणजे सगळ्या ग्राहकांची येणी एकत्र दाखवणाऱ्या खात्याच्या, शिलकेशी ताडून बघितली असती, तर पहिल्याच महिन्यात फरक दिसला असता. एवढं एक काम आम्ही केलं नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो.

सॅपमध्ये व्हेरिएंट वेगळं आणि लेआउट वेगळं. काय शोधायचं ते व्हेरिएंटमध्ये, कोणते रकाने कसे दिसावेत ते लेआउटमध्ये. लेआउटचं नाव तिरक्या रेघेनं सुरू केलं तर ते सगळ्यांना दिसतं, अक्षरानं केलं तर फक्त तुम्हाला.

तारीख हातानं भरून जतन करू नका, ती तिथंच गोठते. व्हेरिएंटच्या गुणधर्मांत त्या रकान्याला ‘डी’ निवडून चालू तारीख जोडा. आणि ‘प्रोटेक्ट’ची खूण करा, म्हणजे दुसरं कुणी चुकून बदलणार नाही.

टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी रिपोर्टमध्ये कंट्रोल-एल दाबून व्ह्यू, म्हणजे रिपोर्टच्या त्या वेळच्या सेटिंग्ज, जतन करावा. तो डिफॉल्ट करण्याआधी कुठली गाळणी लावून ठेवलीय का, ते बघा.

आता नाव. सॅप व्हेरिएंटच्या नावाला चौदाच अक्षरं देतं, पण वर्णनाची ओळ वेगळी असते. ती भरावीच लागते म्हणून लोक तिथं एक टिंब ठोकतात. कृपा करून तिथं लिहा: कोणती खाती घेतली, कोणती वगळली. ‘न्यू१’च्या वर्णनात “१४९९९९ पर्यंतच” एवढं जरी असतं, तरी मी पहिल्याच सोमवारी थबकलो असतो.