जंजिऱ्याच्या पायऱ्यांपासून दोन हातांवर

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय आहे शिडाच्या होडीतून एका दिवसाची सहल, आणि ती फसते कशी. फसते कशी ते सांगणारच आहे, पण आधी राजपुरीची हकिकत. ती सांगितल्याशिवाय माझी गाडी पुढे जात नाही, हे या कार्यक्रमाच्या निर्मात्यांनाही आता ठाऊक झालं आहे.

मुरुडजवळची राजपुरी. खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभा जंजिरा. तुमच्यापैकी निम्म्यांनी तो शाळेच्या सहलीत पाहिला असेल. धक्क्यावरून शिडाची होडी मिळते. वारा बरा असला तर वीसेक मिनिटांत किल्ला, आणि अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, ही त्यातली खरी गंमत.

त्या वर्षी हनुमान जयंती शनिवारी आली होती, जोडून रविवार. आमच्या हिच्या माहेरची सगळी मंडळी निघाली. त्यात नाना, म्हणजे हिचे काका. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, पण जंजिऱ्यावर कधी पाय ठेवलेला नाही. या खेपेला वही भरून टिपणं काढलेली. किल्ल्यात शिरल्यावर कुठे उभं राहून काय सांगायचं, तेसुद्धा क्रमवार लिहिलेलं.

रविवारी पुण्याहून पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं. पाचला निघायचं ठरलं की मंडळी सातला निघतात. मग वाटेत नाश्ता. पोह्यांवर शेव घालायची की नाही यावर तिथे अर्धा तास गेला. माझं मत विचारलंत तर शेव म्हणजे पोह्यांचा अपमान आहे, पण ते असो. मग मेहुण्यांना काशिदच्या किनाऱ्यावर फोटो हवे होते. धक्क्यावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेलेले, आणि पुढे ही रांग. सकाळी आठला इथे पाणी अगदी गप्प होतं, असं रांगेतल्या एका चहावाल्यानं सांगितलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सकाळी आठला पाणी गप्प होतं.

आमचा नंबर लागला अडीचच्या सुमारास. तोवर वारा चांगलाच उठला होता. होडीत बसलो तर आमच्यातल्याच एका तरुणानं ब्लूटूथ स्पीकर काढून गाणी लावली. शिडाच्या होडीत इंजिन नसतं, म्हणजे पाण्याचा, वाऱ्याचा, दोरांचा आवाज ऐकायला मिळतो. त्यासाठीच तर माणूस शिडाच्या होडीत बसतो! धक्क्यावर चपला काढायला लावत नाहीत, ठीक आहे, पण स्पीकर तरी काढून घ्यावेत, असं मला फार वाटतं. असो. दर्यानंच ते काम केलं. पहिली लाट काठावरून आत आली आणि स्पीकर बंद पडला.

मग जे सुरू झालं, ते काय सांगू! शीड ताणलं गेलं, होडी एका अंगाला झुकली, नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, पाणी आपटायला लागलं. मुलं आधी हसली, मग रडली. मामींनी चिवड्याचा डबा छातीशी धरला होता. मेहुणे पिवळे पडले आणि काठावर वाकले. त्यांचं पाहून आणखी दोघं वाकले. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, मात्र सुकाण्यावर शांत. खलाशी पोरगा पायाच्या अंगठ्यानं दोर दाबून उभा.

आणि एवढ्या गोंधळात आमचे नाना बोलत होते. संभाजी महाराजांनी 1682 मध्ये समुद्रात दगडांचा भराव घालून किल्ल्यापर्यंत वाट करायला घेतली, ते झालं. शिवाजी महाराजांनी समोर कासा खडकावर पद्मदुर्ग बांधायला घेतला, तेही झालं. ऐकत कुणीच नव्हतं, पण चाळीस मुलांच्या वर्गाची सवय असलेल्या माणसाला त्याचं काय!

दरवाजाशी आलो. कमानीशेजारी तो प्रसिद्ध दगडी पशू, पंज्यांत हत्ती धरलेला. खाली पायऱ्या. पायऱ्या म्हणजे काय, एक लाट आली की तीन पायऱ्या पाण्याखाली, लाट ओसरली की शेवाळलेला दगड पार खालपर्यंत उघडा. होडी पायरीच्या दोन हातांवर जाई आणि माणसाच्या उंचीएवढी खाली बसे. तांडेलानं एकदा प्रयत्न केला, परत फिरवली, पुन्हा आणली. खलाशानं उडी मारायचा पवित्रा घेतला आणि तांडेल ओरडला, "नको रं!" मग आमच्याकडे वळून म्हणाला, "नाय उतरवत. परत जायाचं."

होडीत एकच कल्लोळ. पैसे परत द्या, इतक्या लांबून आलोय, एकेकाला तरी उतरवा. आणि नाना, सत्तरी उलटलेले नाना, वही हातात घेऊन उभे राहिले! "आजोबा, खाली बसा आदी!" तांडेलाचा आवाज असा आला की नाना शाळकरी मुलासारखे मटकन बसले.

बसले, पण गप्प नाही बसले. दरवाजाकडे बोट करून त्यांनी लाय पाटलांची हकिकत काढली. शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे यांनी सिद्दीच्या ताब्यातल्या जंजिऱ्याला शिड्या लावायचं काम दर्यावर्दी लाय पाटलांना सांगितलं. त्यांनी रातोरात होड्या नेऊन तटाला शिड्या लावल्या. मोरोपंतांची माणसं मात्र वेळेवर पोचलीच नाहीत. उजाडायला आलं, तेव्हा शिड्या काढून परतावं लागलं. महाराजांनी पाटलांना पालखीचा मान देऊ केला, ते म्हणाले आम्हा दर्यावरच्या माणसांना पालखी काय कामाची, तेव्हा त्यांना गलबत दिलं आणि त्या गलबताचं नाव ठेवलं पालखी.

तांडेल होडी वळवत होता. सगळं ऐकून घेतलं त्यानं. तटाकडे न बघताच म्हणाला, "रातचा दर्या निजलेला आसंल तवां. आशा पान्यान शिडी टेकत नाय."

नाना थांबले. तटाकडे पाहिलं, पायरीवर आपटणाऱ्या लाटेकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढलं आणि त्या हलत्या होडीत, ओल्या वहीत, ते वाक्य लिहून घेतलं. आयुष्यभर शिकवलेल्या धड्यात दर्या कसा होता हे कुणी विचारलंच नव्हतं, असं ते नंतर मला म्हणाले. दर्यावरचे वेळेवर गेले, जमिनीवरचे उशिरा पोचले. तेव्हाही आणि आमच्या रविवारीही.

धक्क्यावर पैशांवरून बरीच वादावादी झाली, ती सांगत नाही. मी तांडेलाच्या बाजूनं होतो, एवढंच. सहल वाया गेली हे खरंच आहे. किल्ला पाहिला नाही, जेवण सांगून ठेवलं होतं ते कुणाच्या घशाखाली उतरलं नाही, आणि मेहुणे आजही जंजिऱ्याचं नाव काढलं की पाणी मागतात.

घड्याळ बघतोय, वेळ फार थोडा उरलाय. तेव्हा विषयाकडे.

असं का झालं? हनुमान जयंती म्हणजे पौर्णिमा. दुसरा दिवस वद्य प्रतिपदा, म्हणजे उधाणाची भरती, पाण्याला जोर. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचं जुनं गणित आहे, तिथीला पाऊणनं गुणायचं. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे पाऊण वाजता भरती. पुढचे सहा तास सुकती, म्हणजे ओहोटी. अडीच वाजता खाडीतलं पाणी जोरात बाहेर निघालेलं. आणि उन्हाळ्यात दुपारी वारा कुठून? समुद्राकडून, खारा वारा. पाणी बाहेर, वारा आत. दोघं समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. आठ वाजता तेच पाणी आत येत होतं आणि वारा पडलेला होता, म्हणून चहावाल्याला ते गप्प दिसलं. पुन्हा सांगतो. सुकती आणि समोरून वारा, ही जोडी वाईट. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जायचं तर सकाळीच जायचं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, तेव्हा ओढ कमी.

होडी लागण्याबद्दल दोनच गोष्टी. होडीच्या मध्यावर बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. मोबाइलमध्ये डोकं घातलंत की संपलं. कानातला तोल सांगतो आपण हलतोय, डोळा सांगतो आपण स्थिर आहोत, आणि भांडण पोटात उतरतं. मळमळीवर आलं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

बंदरावर तीन नंबरचा, म्हणजे वादळी वाऱ्याच्या इशाऱ्याचा, बावटा लागला असेल तर धक्क्यावर जाऊच नका. आणि 26 मे ते 31 ऑगस्ट प्रवासी होड्या बंदच असतात, तेव्हा पावसाळ्यात फोन करून कुणाला गळ घालू नका. आणि हो, किल्ल्यातले गाइड बावीस एकर, बावीस वर्षं, बावीस सिद्दी असं सगळं बावीसमध्ये सांगतात. त्यावर मला एक स्वतंत्र भाषण करायचं आहे, पण काचेपलीकडून खूण होते आहे.

कागद-पेन्सिल नसेल घेतली तर पुन्हा एकदा. तिथी गुणिले पाऊण, ती भरतीची वेळ. त्यानंतर सहा तास सुकती. शुद्ध पक्ष असो की वद्य, गणित तेच. नानांनी पुन्हा जायला मार्गशीर्षातली वद्य अष्टमी धरली आहे. त्या दिवशी भरती किती वाजता, ते तुम्हीच काढा.

नमस्कार.