दोन नावांचा मिडफिल्डर: अराता इझुमी

(दृश्य: बालेवाडी, उन्हं उतरलेली. धावपट्टीचा तांबडा वेढा, आत हिरवं मैदान.)

म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं, म्हणून मुख्य मैदानाभोवती धावपट्टी आहे. फुटबॉल बघणारा माणूस इथे टचलाइनपासून, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेपासून, बराच लांब बसतो. तिथून पायातला चेंडू धड दिसत नाही. दिसतं ते खेळाडूचं सरकणं, थांबणं आणि मान वळवणं. मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागातला खेळाडू, पारखायला तेवढं पुरतं.

पुणे एफसी या शहरातल्या क्लबच्या दिवसांत या मैदानावर २००९पासून एक जपानी मिडफिल्डर खेळत होता, अराता इझुमी. पुढे तो भारताकडूनही खेळला, पण त्यासाठी त्याला एक देश सोडावा लागला.

(दृश्य: नकाशा. शिमोनोसेकी, सिंगापूर, कोलकाता, मुंबई, पुणे.)

जन्म ३१ जुलै १९८२, जपानमधल्या शिमोनोसेकीचा. आई जपानी, वडील गुजराती. २००५ साली तो सिंगापूरला अल्बिरेक्स निगाताच्या संघात होता, २००६मध्ये ईस्ट बंगालकडून भारतात आला, मग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून खेळला. महिंद्राने २०१०मध्ये संघच बंद केला, पण त्याआधीच, २००९ साली, इझुमी पुण्यात आला होता. पुणे एफसीची स्थापना २००७ची, आणि आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल लीगमधलं २००९-१० हे संघाचं पहिलंच वर्ष. त्या वर्षी नवा संघ तिसरा आला. प्रशिक्षक होते डेरिक परेरा.

(दृश्य: मैदानाचा वरून घेतलेला शॉट. दोन फळ्यांमधली रिकामी पट्टी रंगवलेली.)

त्याची जागा समजून घ्यायला हवी. प्रतिस्पर्ध्यांचे बचावपटू आणि त्यांचे मिडफिल्डर यांच्यामध्ये साधारण दहा-पंधरा मीटरची पट्टी असते. आक्रमक मिडफिल्डरचं दुकान तिथंच. पास सुटण्याआधी खांद्यावरून मागे एक नजर टाकायची: मागे कोण आहे, किती लांब आहे? मग अंग अर्धवट वळवून, पासपासून लांबच्या पायाने चेंडू घ्यायचा. तसं केलं की पहिल्याच स्पर्शात तोंड गोलकडे होतं. जवळच्या पायाने घेतला तर पाठ गोलकडेच राहते, मागचा बचावपटू अंगाला चिकटतो आणि चेंडू आला तसा परत द्यावा लागतो. मैदान उंचसखल असेल तर चेंडू अर्धा फूट उसळतो आणि हे सगळं गणित कोसळतं. म्हणून चांगला मिडफिल्डर खराब मैदानावर एक पाऊल पुढे येऊन, उसळी बसायच्या आत चेंडू दाबतो. इझुमी कधी स्ट्रायकरच्या मागे खेळला, कधी कडेने. मूळ काम मात्र हेच: दोन फळ्यांच्या मधे सापडायचं आणि वळायचं.

क्लबला एक अडचण होती. जपानी पासपोर्टमुळे तो विदेशी कोट्यात मोडायचा. त्याला खेळवायचं म्हणजे परदेशी खेळाडूंची एक जागा त्याच्या नावे.

(दृश्य: मिटलेला पासपोर्ट. आवाज नाही, फक्त निवेदन.)

भारतीय कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेला माणूस भारताचा नागरिक राहत नाही. परदेशी नागरिकत्व असलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी देशाच्या संघात जागा नाही. २००८पासून केंद्र सरकारचं धोरण असं की भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. आणि जपानचा कायदाही उलट बाजूने तितकाच कडक. दुसरं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की जपानचं आपोआप जातं. म्हणजे या दाराने आत आलं की मागे फिरायची सोय नाही. फुटबॉल संपल्यावर जन्मगावी जायचं तरी व्हिसाच्या रांगेत उभं राहायचं. हे जाणून २०१२ साली त्याने भारतीय नागरिकत्व घेतलं. कागदावरचं नाव झालं नीलकंठ खंभोळजा. मैदानावर मात्र सगळे अराताच म्हणत राहिले.

पुणे एफसीची एक विदेशी जागा मोकळी झाली. २०१२-१३च्या आय-लीगमध्ये १४ संघ होते, प्रत्येकाचे २६ सामने. पुणे दुसरं आलं, चर्चिल ब्रदर्सच्या मागे. त्या क्लबची आय-लीगमधली ही सर्वांत वरची जागा.

(दृश्य: कोची, स्टेडियमचे दिवे.)

६ फेब्रुवारी २०१३, कोची. पॅलेस्टाइनविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना. प्रशिक्षक विम कोव्हरमान्स यांच्या संघातून इझुमीने भारताकडून पदार्पण केलं. भारत २-४ हरला. इझुमी तेव्हा ३० वर्षांचा होता. त्याच्या जागेवरच्या खेळाडूचे पाय आणि फुप्फुसं चोवीस ते अठ्ठावीस या वयात सर्वांत जोरात चालतात, आणि ती वर्षं तो भारतातच, आपल्या डोळ्यांसमोर खेळला होता, फक्त भारतासाठी नाही. त्याचे आंतरराष्ट्रीय सामने दोन आकड्यांपर्यंतही गेले नाहीत. याची रुखरुख आजही वाटते.

(दृश्य: लिलावाचं सभागृह, मग पुन्हा बालेवाडी.)

२०१५मध्ये पुणे एफसी बंद पडली. त्याच वर्षी आयएसएलने, म्हणजे इंडियन सुपर लीगने, दहा भारतीय खेळाडूंचा लिलाव केला आणि अ‍ॅटलेटिको दे कोलकाताने इझुमीला ६८ लाखांना घेतलं. किमतीमागचा हिशेब सरळ आहे. तेव्हा मैदानावर किमान पाच भारतीय ठेवावे लागत. दोन फळ्यांच्या मधे चेंडू घेऊन वळणारा मिडफिल्डर भारतीय पासपोर्टवर मिळाला, तर विदेशी जागा दुसरीकडे वापरता येते.

त्या मोसमात चेन्नईत पूर आला, म्हणून चेन्नईयिनचा घरचा उपांत्य सामना पुण्यात हलवला. बालेवाडीतच. १२ डिसेंबरला कोलकाता इथे ०-३ हरलं आणि परतीचा सामना जिंकूनही दोन्ही सामन्यांच्या एकूण गोलांत मागे राहून अंतिम फेरी हुकली.

२०१६ साली कोलकात्याचे प्रशिक्षक अंतोनियो हाबास एफसी पुणे सिटी या पुण्याच्या आयएसएल संघाकडे आले आणि इझुमीही आला. त्याच धावपट्टीच्या आत, नव्या जर्सीत. २०१७मध्ये तो केरळ ब्लास्टर्सकडे गेला आणि नंतर रिलायन्स फाउंडेशनच्या युवा अकादमीत मुलांना शिकवू लागला. पुणे सिटीही २०१९मध्ये संपली.

(दृश्य: बंगळुरू, सरावाचं मैदान.)

२०२५ साली, म्हणजे इझुमीने नागरिकत्व घेतल्यानंतर १३ वर्षांनी, बंगळुरू एफसीच्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. तो तेव्हा ३२ वर्षांचा होता.